सहा माणसं, एक पत्र्याचं घर आणि आयझेनहॉवर

नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरचं ते मोबाइल होम जाहिरातीनुसार सहा जणांसाठी होतं. म्हणजे चौघांनी खोल्यांत झोपायचं आणि जेवणाचं टेबल खाली दाबून जो पलंग होतो त्यावर दोघांनी. ते दोघं उठेपर्यंत बाकीच्यांनी चहा उभ्यानं प्यायचा. आम्ही मोजून सहा जण: आई-बाबा म्हणजे माझे सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दोन मुलं. भाड्यात चादरी नव्हत्या, पण पालेभाजी गरगर फिरवून कोरडी करायचं यंत्र होतं. फ्रेंच माणूस चादरीशिवाय झोपत असेल, ओलं सॅलड मात्र खात नाही.

रात्री बाबा कूस बदलायचे, तेव्हा घरही बदलायचं.

त्यात पाऊस लागला. पत्र्यावर ताशा वाजत असताना मुलं कुरकुरायला लागली, तसे बाबा सरसावून बसले. "महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या याच किनाऱ्यावर दोस्त सैन्यानं पाच जूनला उतरायचं ठरलं होतं. हवा बिघडली म्हणून त्यांचा सरसेनापती आयझेनहॉवर यानं बेत एक दिवस पुढे ढकलला. हजारो सैनिक जहाजांत ताटकळत बसले! तुम्हाला दोन तास धीर नाही?"

"त्या जहाजांत संडासाचं दार तरी लागत असेल," आई आतून म्हणाल्या.

ऊन पडल्यावर सगळे तरणतलावाकडे धावलो. तिथे एका पोरगेल्या जीवरक्षकानं बाबांच्या ढगळ बर्म्युडाकडे बोट दाखवून मान हलवली. फ्रान्समधल्या बऱ्याच तलावांत पुरुषांना अंगाला घट्ट बसणारी चड्डीच लागते, स्वच्छतेसाठी म्हणे. बाबा भडकले. "अरे, इथे माणसं बूट-हेल्मेटसकट पाण्यात उतरली, तेव्हा कोणी अडवलं नाही!"

"अडवलं होतं ना आजोबा," नातू म्हणाला, "जर्मनांनी."

बाबांनी शेवटी काठावर बसून पाय बुडवले.

आरोमाँश या किनाऱ्यावरच्या गावी मात्र ते खुलले. ओहोटीला तिथे काँक्रीटचे प्रचंड ठोकळे उघडे पडतात. त्या सैन्यासाठी ब्रिटनमध्ये बंदराचे सुटे भाग बांधले, १९४४ साली इंग्लिश खाडी ओलांडून ओढत आणले आणि इथे जोडले. "अख्खं बंदर आणलं बाई," आई म्हणाल्या, "आणि आपल्याला कुकरची शिट्टी आणवली नाही." त्या रात्री वारा सुटला. घर कुरकुरत असताना अंधारातून बाबांचा आवाज आला, "एकोणीस जूनला असंच वादळ झालं. ओमाहा किनाऱ्यावरचं असंच दुसरं बंदर त्यात पार मोडलं." त्यानंतर कोण झोपणार?

निघायच्या दिवशी कॅम्पची मुलगी यादी घेऊन आली. काटे, सुऱ्या, बशा सगळं मोजलं. वाट्या सहा हव्या होत्या, भरल्या सात. कमी असतील तर पैसे कापायचे, एवढं तिला ठाऊक होतं. जास्त निघाल्या तर काय करायचं, ते यादीत नव्हतं. ती पुन्हा मोजायला लागली. आईंनी सातवी वाटी उचलून पालथी केली आणि तळाशी कोरलेलं नाव नि १९७८ साल तिच्या डोळ्यांसमोर धरलं. देवनागरी काही तिला वाचता येईना, पण त्या कोरीव पुराव्यापुढे तिनं अनामत मुकाट परत केली.