वायरिंग किटने बेसचा आवाज उघडतो? अर्धंच खरं आहे ते

कुणी नवीन बेस गिटार घेतली की एक सल्ला हमखास मिळतो. फॅक्टरीचं आतलं सगळं काढून टाक, भारीतले पॉट (नॉबखालचे कमी-जास्त करता येणारे रोध), ऑइल कपॅसिटर (टोनच्या नॉबला जोडलेला, वरचे सूर कापणारा भाग), कापडी आवरणाची वायर आणि दणकट जॅक टाक, आवाजात जमीन-अस्मानाचा फरक पडेल. मी बरीच वर्षं स्वतःच्या आणि मित्रांच्या बेस उघडून सोल्डरिंग करतोय आणि हे ऐकलं की जीव तुटतो, कारण नवीन शिकणारी पोरं तारा आणि सेटअप सोडून यावर पैसे घालतात.

आधी कपॅसिटर घेऊ. ऑइलचा गोड वाजतो, सिरॅमिकचा कर्कश, असं म्हणतात. आता टोनचा नॉब पूर्ण उघडा असताना कपॅसिटरच्या पुढे २५० किलोओहमचा पॉट उभा असतो, आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १००० हर्ट्झला अडवतो जेमतेम ३.४ किलोओहम, मग तो कशाचा बनलाय हे ऐकू येणार कुठून? नॉब बंद केला की कपॅसिटर खरा कामाला लागतो, पण तेव्हाही ऐकू येते ती त्याची व्हॅल्यू. मी एकदा एकाच बेसमध्ये स्विच टाकून दोन लावले होते, एक साधा, एक महागडा, दोन्हींवर ०.०४७ छापलेलं. महागडा जरा गडद वाजला आणि मला वाटलं की लोक म्हणतात ते खरंच आहे. मग मीटर लावला तर साधा निघाला ०.०३८ आणि महागडा ०.०५१. साध्याला एक छोटा समांतर जोडून दोन्ही सारखे केले, मित्राला स्विच सांभाळायला दिला, पाठ फिरवून बसलो, आणि कुठला कुठला ते काही केल्या सांगता येईना.

पॉटच्या बाबतीत मात्र दाव्यात तथ्य आहे. २५० छापलेल्या पॉटला साधारण २० टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे तो २०० पण असू शकतो आणि ३०० पण. व्हॅल्यू कमी असेल तर पिकअपचा, म्हणजे तारांचं कंपन पकडणाऱ्या चुंबकी वेटोळ्याचा, वरच्या सुरांतला उठाव दबतो, त्यामुळे २१० चा काढून २८० चा टाकला तर आवाज थोडा उजळतो, नव्या राऊंडवाउंड (गोल तारेने गुंडाळलेल्या, उजळ वाजणाऱ्या) तारांवर तर नीट कळतो. पण मोजून निवडलेला साधा पॉटही हेच करतो. भारीतला गुळगुळीत फिरतो, टिकतो, त्यासाठी घ्यायचा तर खुशाल घ्या.

वायर आणि जॅकवर फार बोलायला नको. आतल्या हातभर वायरचा रोध एक ओहमसुद्धा भरत नाही, तिकडे पिकअपच्या वेटोळ्याचाच काही हजार ओहम असतो. सैल जॅक खरखरतो, तो बदलाच, पण टोनसाठी नाही.

"पण मला फरक ऐकू आला ना!" आला असणार, लोक खोटं बोलत नाहीत. पण आठवून बघा, त्याच दिवशी जुन्या तारा काढून नव्या चढवल्या होत्या का, पिकअपचे स्क्रू फिरले होते का? नव्या तारांचा आणि पिकअपच्या उंचीचा फरक तर भिंतीपलीकडूनही कळतो.

आणि अ‍ॅक्टिव्ह प्रीअँप, म्हणजे बेसच्या आत बसवलेलं बॅटरीवरचं छोटं सर्किट, तोही काही जण याच फरक न पाडणाऱ्या गोष्टींच्या यादीत ढकलतात ते चूक आहे, तो फरक खराच आहे. १९७६ च्या म्युझिक मॅन स्टिंगरेपासून कंपन्या तो आतच बसवून देतायत ते उगाच नाही. केबलची कपॅसिटन्स साधारण मीटरला १०० पिकोफॅरड, म्हणजे ६ मीटरला ६०० झाली, ती पॅसिव्ह (बॅटरी-प्रीअँप नसलेल्या) बेसचा वरच्या सुरांचा चटका खाते, त्यात व्हॉल्यूम अर्धा केला की अजूनच. प्रीअँपमधला बफर (पिकअपवर केबलचा भार येऊ न देणारा भाग) तेवढं वाचवतो, बाकीचं बूस्ट-कट बरंचसं अँपवर असतंच.

तेव्हा किट मागवायच्या आधी तीच बेस एकदा २ मीटरच्या केबलने आणि लगेच ६ मीटरच्या केबलने वाजवून बघा, टोन आणि व्हॉल्यूम दोन्ही पूर्ण उघडे ठेवून, नव्या तारांवर.