‘एवढ्याशा मुलांना जीवाश्म कशाला?’ या मेसेजला उत्तर

पालकांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पाच-सहा वर्षांच्या मुलांना जीवाश्म शिकवणं व्यर्थ आहे. कोट्यवधी वर्षं त्यांच्या डोक्यात शिरत नाहीत; शास्त्रज्ञ एखाद्या हाडावरून अख्खा प्राणी मनानेच रचतात आणि पुढे मत बदलतात; शेवटी सगळं डायनासोरच्या खेळण्यांवर येऊन थांबतं.

आधी कोट्यवधी वर्षांचं बघू. डायनासोर नाहीसे होऊन ६.६ कोटी वर्षं झाली; सहा वर्षांच्या मुलाला हा आकडा कळत नाही, कबूल. मोठ्यांना तरी कुठे कळतो? स्टेगोसॉरस आणि टी-रेक्स एकाच चित्रात झुंजताना बघून कुणालाच काही खटकत नाही. प्रत्यक्षात त्या दोघांमध्ये सुमारे ८ कोटी वर्षांचं अंतर आहे. टी-रेक्स काळाने स्टेगोसॉरसपेक्षा आपल्याला जवळचा. मुलांना आकडा नको, क्रम हवा. वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात सगळ्यांत जुना अंक तळाशी असतो, हे त्यांना बघताक्षणी समजतं. गाळाच्या खडकांचे थर बहुतेक वेळा असेच रचले जातात. निकोलस स्टेनो या डॅनिश शास्त्रज्ञाने हा नियम १६६९मध्ये मांडला आणि जीवाश्म अभ्यासणारे पुराजीवशास्त्रज्ञ आजही तिथूनच सुरुवात करतात.

दुसरा आरोप जास्त गंभीर, कारण त्यात अर्धं सत्य आहे. चुका झाल्या, आणि ठळक झाल्या. इग्वानोडॉन या डायनासोरच्या अंगठ्याचा काटा आधी त्याच्या नाकावर शिंग म्हणून बसवला गेला. १८७८मध्ये बेल्जियममधल्या बर्निसारच्या खाणीत त्याचे जवळपास पूर्ण सांगाडे सापडले, तेव्हा ते शिंग हातावर आलं. ओव्हिरॅप्टरची गोष्ट तर मुलांना सांगावीच अशी. १९२३मध्ये मंगोलियात अंड्यांच्या घरट्याजवळ त्याची कवटी मिळाली. अंडी दुसऱ्याच डायनासोरची, असं धरून याच्यावर अंडीचोर असा शिक्का बसला; ओव्हिरॅप्टर या नावाचा अर्थही तोच. (नाव देणाऱ्या ऑस्बॉर्नने स्वतःच तेव्हा लिहून ठेवलं होतं की या नावावरून गैरसमज होऊ शकतो.) १९९३मध्ये तशाच एका अंड्यात भ्रूण सापडला, आणि तो निघाला ओव्हिरॅप्टरच्याच कुळातला. पुढे त्याच कुळातला एक प्राणी घरट्यावर हात पसरून बसलेल्या अवस्थेतच दगड झालेला मिळाला. चोर कसला, अंडी राखणारं जनावर होतं ते! आधी काय वाटलं, मग काय सापडलं आणि मत का बदललं, हे सहा वर्षांच्या मुलाला नीट सांगता येतं. मत बदललं म्हणून शास्त्र खोटं, असं म्हणणाऱ्याने ही गोष्ट एकदा मुलासोबत बसून ऐकावी.

शिवाय ‘मनानेच’ हा शब्द साफ चुकीचा. दातांचं उदाहरण घ्या. कडेला करवतीसारखे बारीक दाते असलेला दात मांस कापतो. झिजून सपाट झालेला दात पालापाचोळा रगडतो. दोन्हींच्या प्रतिकृती मुलांच्या हातात द्या आणि कोण काय खात असेल ते विचारा. माहिती न सांगता बरीच मुलं बरोबर वाटेला लागतात. पावलांच्या ठशांचंही तसंच: ठशांमधलं अंतर मोजून चाल किती वेगाची होती याचा अंदाज शास्त्रज्ञ करतात, आणि ओल्या वाळूत चालून-पळून हाच प्रयोग मुलांना करता येतो.

तिसऱ्या मुद्द्यात मात्र मेसेजला थोडे गुण द्यायला हवेत. दहा मिनिटं खरवडलं की प्लास्टिकचा अखंड सांगाडा बाहेर येतो, ही खेळणी चुकीचंच शिकवतात. खरे जीवाश्म बहुधा तुटके आणि विखुरलेले असतात. हाड जमिनीत असतानाच त्यावर ओला कागद आणि प्लास्टरमध्ये भिजवलेलं गोणपाट गुंडाळून ते दगडासकट उचलतात, आणि मग प्रयोगशाळेत महिनोन्‌महिने साफ करतात. आणि बहुसंख्य जीवाश्म डायनासोरचे नसतातच. शिंपले, पानं, परागकण, माशांचे खवले यांचे असतात. त्यामुळे खेळण्याऐवजी शिंपला घ्या, मऊ मातीत दाबा, उचला. उरला तो साचा. त्यात मोठ्यांनी कालवलेलं प्लास्टर ओता (घट्ट होताना ते तापतं, मुलांना हात घालू देऊ नका) आणि सुकल्यावर माती सोडवा. शिंपला विरघळून गेला तरी दगडात त्याचा आकार कसा उरतो, हे मुलांना समोरच दिसतं.

विष्ठेचेही जीवाश्म असतात, हे सांगितलं की वर्ग खिदळतो. खिदळू द्या. एकोणिसाव्या शतकात जीवाश्म शोधणाऱ्या मेरी ॲनिंगने इंग्लंडच्या किनाऱ्यावर असे गोळे फोडून आत माशांची हाडं आणि खवले पाहिले होते. कोण कुणाला खात होतं, हे त्यातूनच कळलं.