बोअरच्या पाण्यातले क्षार तुरटीने जात नाहीत

बेळगाव, खानापूर, निपाणीकडील मोबाइलवर फिरणाऱ्या एका संदेशाचा आशय असा: बोअरच्या पाण्यात तुरटी फिरवल्यास क्षार तळाशी बसतात, चार पदरी फडक्यात जंतू अडकतात आणि एक उकळी आणली की उरलेसुरले क्षार वाफेबरोबर उडून जातात.

यातील शेवटचे विधान गुऱ्हाळावर तासभर उभे राहिलेल्या कोणालाही खटकायला हवे. काहिलीत रस उकळतो तेव्हा वाफ होऊन जाते ते पाणी. साखर मागे राहते, म्हणून तर गूळ होतो. क्षारांचेही तसेच आहे. पाणी आटते तसे उरलेल्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण वाढते, आणि क्षारविरहित पाणी हवे असेल तर ती वाफ थंड करून दुसऱ्या भांड्यात धरावी लागते; यालाच ऊर्ध्वपातन म्हणतात. उकळल्याने कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या बायकार्बोनेटांचे विघटन होऊन पातेल्याला पांढरा थर धरतो, एवढा अंश खरा. पण तो थर तळाशी बसतो, उडत नाही, आणि सल्फेट व क्लोराइड पाण्यातच राहतात.

तुरटीचा गुण खोटा नाही. पावसाळ्यात मलप्रभेच्या गढूळ पाण्यातील चिकणमातीचे कण ऋणभारित असल्याने एकमेकांना दूर लोटतात व तरंगत राहतात. तुरटीतील ॲल्युमिनियम त्यांचा भार नाहीसा करते, त्याच्या चिकट हायड्रॉक्साइडात ते गुंततात आणि खाली बसतात. बोअरचे पाणी मात्र बहुधा आधीच नितळ असते. त्यात विरघळलेले कॅल्शियम तुरटीच्या हाती लागत नाही. उलट तुरटी बायकार्बोनेटाशी अभिक्रिया करून सल्फेट बनवते, म्हणजे पाण्याचा उकळून जाऊ शकणारा जडपणा (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे येणारा) न जाणाऱ्या जडपणात बदलतो. (फ्लोराइड काढण्याच्या नलगोंडा पद्धतीत तुरटी असते, पण चुन्याच्या जोडीने आणि मोजून घातलेली, घागरीत खडा दोनदा फिरवणे म्हणजे ती पद्धत नव्हे.)

फडक्याच्या दाव्याला थोडा आधार आहे. बांगलादेशात जुन्या साडीच्या घड्यांतून तळ्यानदीचे पाणी गाळल्यावर पटकीचे रुग्ण जवळजवळ निम्म्याने घटले, कारण तेथे जंतू प्लवकांना, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांना, चिकटून होते आणि प्लवके कापडात अडकली. सुटा जीवाणू एखाद-दोन मायक्रोमीटरचा असतो, तो कापडाच्या छिद्रांतून सहज पार होतो. जंतूंपुरते काम खळखळून आलेली उकळीच करते, आणि तीही त्यांना वेगळे काढत नाही, मारते.