आधी पैसे भरा, दर मग विचारा

फिटनेस स्टुडिओत नाव घालायला निघालात ना? मग महिन्याची फी किती, हा प्रश्न घरीच ठेवून जा. पाऊल टाकल्या टाकल्या पैशाचं बोलणं बरं दिसत नाही. शिवाय विचारायची गरजच काय? आपल्या सोलापुरात होटगी रोडच्या फ्लेक्सवर ९९९ हा आकडा एवढा मोठा छापलाय की उतरणाऱ्या विमानातूनही वाचता यावा. विमानतळाजवळच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी विमानांसाठी पाडली, असं आपण २०२३ पासून उगाच समजत होतो.

त्या आकड्याच्या डोक्यावर एक बारीक चांदणी असते. तिच्याकडे बघू नका.

काउंटरवरचा मुलगा विचारेल, "सर, तुमचा गोल काय?" शुगर निघालीय, डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय, असलं साधं उत्तर देऊ नका. "वेट लॉस" म्हणा. मग तो तुम्हाला एका यंत्रावर उभं करतो, कागद काढतो आणि तुमच्या शरीराचं वय त्रेसष्ट आहे, असं सुतकी चेहऱ्यानं सांगतो. माणूस असा खचला की मगच पॅकेजचा विषय काढायचा, अशी तिथली रीत आहे. यंत्रावर उभं राहायचे ५०० रुपये पडले, हे खाली उतरल्यावर कळतं.

ऑफर आज रात्री बारा वाजता संपणार असते. गड्डा यात्रेची संपली की शिवजयंतीची लागते, ती संपली की पाडव्याची, पण तुम्ही आजच भरा.

आता हिशोब, आणि तो हसतमुखानं ऐका. ९९९ महिन्याला खरेच, पण वर्षाचे एकदम भरलेत तर. म्हणजे ११,९८८. त्यात सकाळ-संध्याकाळ येत नाही. हा दर दुपारी अकरा ते चारचा. (मे महिन्यात दुपारी दोनला होटगी रोडवरून स्कूटरनं व्यायामाला जाणारा माणूस मला बघायचाय.) रजिस्ट्रेशन १,५००. यंत्राचे ५००. डाएट चार्टचे १,०००. त्या चार्टात अॅव्होकॅडो आहे, तो लक्ष्मी मंडईत जाऊन मागा. झाले १४,९८८. आणि मग अगदी शेवटी, तुम्ही फोन हातात घेऊन पिन टाकायला लागलात की, "सर, प्लस जीएसटी." किती? अठरा टक्के.

इथं खरं तर गप्प बसायचं असतं, पण मला जमत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिम, योग, सलून या सगळ्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलाय. पेपरात आलं, टीव्हीवर आलं, गल्लीतल्या सलूनवाल्यालासुद्धा माहीत आहे. १४,९८८ वर पाच टक्के म्हणजे साडेसातशे रुपये. यांनी घेतले जवळजवळ २,७००. बरं, घेतलेत तर घेतलेत, सरकारला तरी जाऊ देत! पण पैसे पाठवायला सांगितले ते मालकाच्या मेव्हण्याच्या नंबरवर. बिल मागितलं. "व्हॉट्सॲपवर येईल सर." आलं की! दंड फुगवलेला एक हात आणि खाली "वेलकम टू द फॅमिली". जीएसटी नंबर कुठाय विचारलं, तर म्हणे तो सीएंकडे असतो. पंधरा अक्षरांचा नंबर, तो बिलावर छापायचा असतो, सीएंच्या कपाटात ठेवायचा नसतो! आणि ज्याची नोंदणीच नाही त्याला गिऱ्हाइकाकडून जीएसटी घ्यायचा अधिकार नाही, एक रुपयासुद्धा नाही.

असो. सल्ले राहिले.

शॉवरची सोय आहे. पाणी? सोलापूर आहे, समजून घ्या.

ट्रेनरचं नाव पाठ करू नका, पुढच्या महिन्यात दुसरा असतो.

पर्सनल ट्रेनिंगचं वेगळं पॅकेज घेतल्याशिवाय वजन उचलणं धोक्याचं असतं. गड्ड्याला उंच, जड नंदीध्वज पेलणाऱ्यांनी कुठलं पॅकेज घेतलंय, ते मात्र विचारू नका.

झुंबाची बॅच रद्द झाली की नाही, हे जिना चढून वर गेल्यावर कळतं. त्याला वॉर्मअप समजा.

मेंबरशिप फ्रीझ करणं अगदी मोफत आहे, फक्त सात दिवस आधी लेखी अर्ज द्यावा लागतो. तेव्हा डेंग्यू व्हायचा असेल तर आठवडाभर आधी कळवून ठेवा.

आणि फोन करू नका. पैसे भरेपर्यंत "सर, निघालात का?", "सर, कुठवर आलात?", सख्खा पुतण्या करणार नाही एवढी चौकशी. पैसे भरले की तोच नंबर दिवसभर बिझी. परत द्या म्हटलं की पावतीच्या मागचं वाक्य दाखवतात: फी परत मिळणार नाही. पैसे घेताना पावतीची पुढची बाजूसुद्धा दाखवली नव्हती.

ओ मालक, पुरे झालं आता. काचेच्या दारावर प्रेरणेची वाक्यं चिकटवायला जागा आहे, तर तिथं दराचा एक कागद लावा. सकाळचा दर, दुपारचा दर, रजिस्ट्रेशन, टॅक्स, सगळं धरून एकच आकडा. सांगायची लाज वाटते असा दर असेल तर तो घेऊ नका. बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. तो तुमच्या मर्जीचा विषय नाही.

आणि आपण सोलापूरकर! चाटी गल्लीत चादरीचे वीस रुपये कमी करायला अर्धा तास ठिय्या देणारी माणसं आपण, एसीच्या गारव्यात बसलो की सतरा हजार बिनबिलाचे देतो आणि वर "थँक्यू" म्हणतो. बॅचमधल्या कितीजणांना बोललो, सगळ्यांचं एकच, "जाऊ द्या ना साहेब, कोण नादी लागतंय." का जाऊ द्या? १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन लावायला पैसे पडत नाहीत. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, वकील लागतोच असंही नाही, ई-जागृती या सरकारी पोर्टलवर घरबसल्या अर्ज करता येतो. मी केलाय. ज्यांच्याकडे त्या फुगलेल्या दंडाशिवाय दुसरी पावती नाही, त्यांनी निदान बँकेची नोंद काढून ठेवा आणि जादा घेतलेला टॅक्स लेखी मागा. एकटा मागतोय तोवर ते मला "सर, शांत व्हा" म्हणताहेत.