‘जुना पॅरिशनर’ यांच्या कॉमेंटला उत्तर, जरा लांबलंय

‘एक जुना पॅरिशनर’ असं नाव घेऊन लिहिणाऱ्यांस सप्रेम नमस्कार. सप्रेम म्हणतोय कारण तशी पद्धत आहे म्हणून, तुमची कॉमेंट वाचून काही प्रेम उतू जात नव्हतं.

बाकीच्यांसाठी आधी काय झालं ते सांगतो. मागच्या पोस्टमध्ये मी आमच्या घरभेटीबद्दल लिहिलं होतं, म्हणजे पॅरिशमधली (आपल्या चर्चच्या हद्दीतली) जी कुटुंबं मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेला, यायची बंद झालीत त्यांच्याकडं आम्ही काही जण रविवारी जातो, दोघं-दोघं मिळून, बसतो, बोलतो, परत येतो. त्यावर यांनी लिहिलं, ‘तुम्हाला माणसं नकोत, रविवारचा आकडा पाहिजे. ज्यांच्यामुळं लोक गेले ते अजून पहिल्या बाकावर बसतात, आधी त्यांच्या घरी जा.’ मग पुढं, घटस्फोट घेऊन दुसरं लग्न केलेल्यांना ख्रिस्तप्रसाद (मिस्सात मिळणारी पवित्र भाकर) देत नाही तर बोलवता कशाला, मराठी मिस्सा मागं पडली त्याचं काय, दुपारी दोनला लोकांचं दार वाजवायचं ही कुठली रीत, आणि शेवटी ‘ब्लॉग लिहून स्वतःची पाठ थोपटून घेणं बंद करा’. खाली नाव नाही.

आता नावाचंच आधी बोलतो. बेळगावात आपली घरं अशी किती आहेत ओ? कॅम्पात कुणाच्या घरी पाहुणे आले तर संध्याकाळपर्यंत टिळकवाडीत कळतं. तुम्ही मला ओळखता हे तुमच्या लिहिण्यावरनंच दिसतंय, म्हणजे मी पण तुम्हाला ओळखतच असणार, नाताळात आपण एकमेकांकडं नेवऱ्या-दोदोलचं ताट पाठवलं पण असेल. मग समोर येऊन बोलायला काय झालं? मी माझ्या नावानं लिहितो, फोटो लावून लिहितो, रस्त्यात कुणीही अडवून विचारू शकतो आणि विचारतात पण. टीका करा की, कोण नको म्हणतंय, पण ‘आकडा पाहिजे’ असलं बोलणं तोंडावर करायची हिंमत नसेल तर रात्री मोबाईलवर टाईप करून काय मिळतं? आमच्या लहानपणी मोठ्या माणसाशी मतभेद झाला तरी बोलायची एक रीत होती. असो.

दुपारी दोनचं मात्र मान्य. रविवारी जेवून माणूस जरा आडवा होतो, त्यावेळी बेल वाजली की मलाही राग येतो. आता चारनंतर जायचं ठरवतोय. उद्यमबागच्या कारखान्यांत सेकंड शिफ्टला जाणारे मग घरी सापडत नाहीत ती गोष्ट वेगळी, पण तुमचा मुद्दा बरोबर, घेतला.

आता तो आकडा.

तुम्ही जुने पॅरिशनर म्हणवता म्हणून विचारतो, आपल्या चर्चमध्ये माणूस मोजतात कसा ते तुम्हाला माहीत आहे का? बाप्तिस्म्याच्या रजिस्टरवरनं. तुमचा बाप्तिस्मा ज्या पॅरिशमध्ये झाला तिथल्या वहीत तुमचं नाव आहे, पुढं दृढीकरणाचा संस्कार झाला, लग्न झालं की त्याच ओळीच्या बाजूला त्याची नोंद होते, आणि ते नाव कोणी खोडत नाही. तुम्ही वीस वर्षं आला नाहीत तरी तुम्ही कॅथलिकच. दरवर्षी डायोसिसकडनं, म्हणजे बिशपांच्या धर्मप्रांताकडनं, रोमला आकडे जातात त्यात रविवारी बाकावर कोण होतं हे कोणी विचारत नाही, तिथं कॅथलिक किती एवढंच असतं आणि तुम्ही त्यात आहातच. म्हणजे आकडाच पाहिजे असता तर मला घरी पंख्याखाली झोपून पण तो मिळाला असता ना? रेशनकार्डावर नाव असलेला पोरगा गल्फला गेला म्हणून कार्डावरची माणसं काय कमी दिसतात? मग मी रविवारची दुपार घालवून, पेट्रोल माझ्या खिशातलं जाळून खानापूरपर्यंत जातो ते कशासाठी, याचा जरा विचार केला असतात तर बरं झालं असतं.

आणि जायच्या घरांची यादी का करता, असंही तुम्ही त्यात सुचवलंय. यादी करावी लागते कारण दिवस तसे आहेत. डिसेंबर 2021 मध्ये इथंच आपल्या सुवर्णसौधमध्ये, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाच्या बेळगावातल्या इमारतीत, धर्मांतरविरोधी बिल विधानसभेत पास झालं, मे 2022 मध्ये वटहुकूम निघाला, सप्टेंबरात कायदा झाला, आणि त्यात नातेवाईकच काय, सोबत काम करणारा माणूस पण तक्रार देऊ शकेल अशी तरतूद होती. 2023 मध्ये नव्या सरकारच्या मंत्रिमंडळानं तो रद्द करायचं ठरवलं, तरी ती भीती माणसाच्या डोक्यातनं अशी लगेच जाते काय? तेव्हापासनं आमचा नियम आहे की आपल्या रजिस्टरात नाव असलेल्याच घरी जायचं, आधी फोन करायचा, हातात एक कागद न्यायचा नाही, पत्रक नाही, पुस्तक नाही, आणि शेजाऱ्यांनी विचारलं तर सरळ सांगायचं कुठनं आलो ते. तुम्हाला घरात बसून ती यादी हजेरीपटासारखी वाटली. आम्हाला ती लागते कारण दारात उभं आम्हाला राहायचं असतं.

बरं, जाऊन करतो काय ते पण सांगतो. खानापूर साईडला एक आजी आहेत, नाव-गाव लिहीत नाही. त्यांच्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची जुनी तसबीर, पुढं लाल झिरोचा बल्ब, तो दिवसरात्र जळतो, आणि त्याच फळीच्या दुसऱ्या टोकाला सुनेचा गणपती. सून मराठ्यांची. दोघींचं ठरलेलं आहे, सकाळी सून दोन्हीकडं फुलं ठेवते, संध्याकाळी आजी तेर्स (जपमाळेची प्रार्थना) म्हणतात तेव्हा सून टीव्हीचा आवाज बारीक करते. आम्ही गेलो तर आजींनी आधी विचारलं, ‘काय वर्गणी राहिलीय काय?’ मला आधी कळलंच नाही. मग हळूहळू बाहेर आलं, नवरा वारला तेव्हा मयत घरात असताना कोणीतरी कमिटीवाला बोलला होता की सिमेटरीची (दफनभूमीची) वर्गणी इतक्या वर्षांची थकलीय, ती भरा मग बघू. पोरानं इकडनं तिकडनं उसने आणून पैसे भरले, माती झाली, आणि त्या दिवसापासनं घरातलं कोणी चर्चची पायरी चढलं नाही. तेर्स एक दिवस चुकली नाही म्हणतात.

आम्ही काय केलं? चहा घेतला. वर्गणीचा विषय काढला नाही. फादरांना सांगितलं, आता पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देत फिरतात तेव्हा ते आजींकडं पण जातात, सून चटई घालून पाणी ठेवते. आजी अजून चर्चला येत नाहीत. आल्याच पाहिजेत असं पण कोणी म्हणत नाही. सांगा आता, यात आकडा कुठाय? रविवारी एकानं पण वाढला नाही.

(तुम्ही म्हणाल, मग त्या कमिटीवाल्याला कोणी काय विचारलं? त्याला आता लई वर्षं झाली, तो माणूस आता कमिटीत नाही, उगीच जुनी मढी उकरून काय होणार आहे. प्रत्येक गोष्टीचा हिशेब मांडत बसलं तर कामं होत नाहीत.)

आणि मला हे कुणी शिकवायची गरज नाही, कारण मी स्वतः गेलेला माणूस आहे. हे पण तुम्हाला माहीत नसणार. तरुणपणी फाउंड्रीत होतो, रविवारी ओव्हरटाईम मिळायचा, आधी एक मिस्सा चुकली, मग दोन, मग लाज वाटायला लागली की आता गेलो तर लोक बघणार, आणि असं करत करत बरीच वर्षं गेली. भांडण कोणाशी झालं नव्हतं, सांगायला मोठं कारण पण नव्हतं, बहुतेकांचं असंच असतं, तुमच्यासारखे लोक मात्र प्रत्येकाच्या मागं कुणीतरी खलनायक शोधत बसतात. तेव्हा आमच्याकडं सेंट विन्सेंट दि पॉल सोसायटीचे एक म्हातारे सायकलवरनं यायचे. ही सोसायटी 1833 मध्ये पॅरिसला फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या कॉलेजच्या मित्रांनी काढलेली, गरिबांच्या घरी जाऊन भेटायचं हेच त्यांचं मूळ काम. आम्ही काही तितके गरीब नव्हतो तरी ते यायचे, नाताळच्या आधी कॅलेंडर द्यायचे, आईशी कोकणीत गप्पा मारायचे, माझ्याकडं बघून ‘काय रे, बरा आहेस न्हवं’ एवढंच. का येत नाहीस हे त्यांनी कधी विचारलं नाही. एकदा म्हणाले, कॉयरला, म्हणजे चर्चमध्ये गाणाऱ्यांना, तबलेवाला नाही, तू शहापुरात भजनात वाजवतोस म्हणे. गेलो. 1963 ला व्हॅटिकन परिषदेनं लोकभाषेतल्या उपासनेला वाट करून दिली म्हणून मराठी मिस्सा आली, आणि तिच्या मागोमाग आमच्यासारख्यांचा तबला पण चर्चमध्ये आला, नाहीतर मी आज कुठं असतो देव जाणे. त्या म्हाताऱ्यांना आकडा पाहिजे होता असं म्हणायचंय का तुम्हाला? म्हणून बघा, मग बोलू.

‘लोक का गेले ते विचारा’ म्हणणाऱ्यांना म्हणूनच माझं सांगणं आहे, मला कोणी विचारलं असतं तर मी परत आलो नसतो. झालं माझं म्हणणं.

पहिल्या बाकाचं राहिलं. पहिल्या बाकावर मी बसतो. गुडघा गेलाय, मागनं ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत यायला त्रास होतो म्हणून बसतो, माझ्या बापाचा बाक आहे म्हणून नाही. तुमचा रोख माझ्यावर होता की आणखी कोणावर ते तुमचं तुम्हाला ठाऊक. बायबलातल्या लूकच्या पंधराव्या अध्यायात घर सोडून गेलेला धाकटा पोरगा परत आल्यावर थोरला रुसून दाराबाहेर उभा राहतो, ते प्रवचन मी पण ऐकलंय, दर वेळी ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात ऐकतो, आणि त्या थोरल्याला पण बाप बाहेर येऊन समजावतो हे विसरू नका. घरी राहून राबणाऱ्याला नावं ठेवायची फॅशन झालीय आता. चर्चचं छप्पर गळतं तेव्हा पावसात वर चढणारा पहिल्या बाकावरचाच असतो, लांबनं कॉमेंट टाकणारा नसतो.

घटस्फोटाचं. हा विषय कॉमेंटमध्ये दोन ओळीत उडवायचा नाही म्हणून मी पण जास्त लिहीत नाही. पण एक चुकीचं ज्ञान पसरू नये म्हणून सांगतो, दुसरं लग्न केलेला माणूस चर्चमधनं बाहेर काढलेला नसतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1981 लाच लिहून ठेवलंय की त्यांना आपण वेगळे पडलोय असं वाटू देऊ नका, मिस्साला बोलवा. 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी पहिलं लग्न मुळातच वैध होतं का हे तपासायची पद्धत सोपी केली, पूर्वी चर्चच्या एका कोर्टानं निकाल दिला तरी दुसऱ्यानं तोच द्यावा लागायचा ती अट काढली, आणि शक्य तिथं हे फुकट व्हावं असं सांगितलं. 2016 च्या पत्रात त्यांनी प्रत्येकाची परिस्थिती वेगळी बघा म्हटलं. कोर्टात लग्न केलेल्यांचं तर याहून सोपं, नवरा-बायकोतलं एक हिंदू असलं तरी बिशपांची परवानगी घेऊन नंतर चर्चमध्ये रीतसर करता येतं, आणि हिंदू जोडीदाराकडनं मुलांना कॅथलिक म्हणून वाढवायचं वचन घ्यायचं 1970 पासनं बंद आहे, वचन फक्त कॅथलिकानं द्यायचं, दुसऱ्याला नुसती कल्पना द्यायची. हे ऑफिसात जाऊन विचारलंत तर सांगतील. विचारायला गेल्यावर कसं बोलतात तो वेगळा विषय आहे, त्यावर आज नको.

मराठी मिस्साचं तर बोलायलाच नको. भाषेचं भांडण इथं 1956 पासनं चालू आहे, 2004 पासनं सुप्रीम कोर्टात पडून आहे, ते मी रविवारच्या टाईमटेबलावर सोडवणार आहे काय? कन्नडवाले म्हणतात आम्हाला कमी, कोकणीवाले म्हणतात आम्हाला कमी, तमिळ कुटुंबं तर बिचारी बोलतच नाहीत. 1953 ला डायोसिस झालं तेव्हापासनं हे असंच असणार.

पाठ थोपटून घेण्याबद्दल: ब्लॉग माझा आहे. तुम्हाला नको असेल तर वाचू नका. एवढं चिडून का लिहितो म्हणाल तर तुम्ही पण काही प्रेमानं लिहिलं नव्हतंत. तुमची कॉमेंट मी डिलीट केलेली नाही, तशीच ठेवलीय, यापुढं मात्र नाव नसलेली कॉमेंट अप्रूव्ह करणार नाही.

तरी पण बोलायचं असेल तर रविवारी मराठी मिस्सानंतर मी हॉलच्या बाजूला चहाच्या टेबलाजवळ असतो, भांडायला या, चालेल. येत्या रविवारी तेवढं नको, लोंढ्याला जायचंय, रेल्वेतले रिटायर झालेले दोघं-तिघं आहेत तिथं, आणि त्यातल्या एकानं स्वतः फोन करून चारनंतर या म्हणून सांगितलंय.