कायदा नुसता कडक असून भागत नाही

भारतात कुणाशीही फोनवर बोलताना विषय कायद्याकडे वळला, की एक वाक्य ठरलेलं: ‘तुमच्याकडे बरं आहे बाबा, कायदा कडक आहे.’ इंग्लंडमध्ये बरीच वर्षं काढल्यावर माझं मत जवळजवळ उलटं झालंय. भाड्याचं घर, मोडणारा संसार, पोलीस ठाणं, सामान्य माणसाची कायद्याशी गाठ पडते ती इथेच. त्यात इथला कायदा काही फार कडक नाही. फक्त पुरावा कुणी द्यायचा आणि सल्ला कुणाकडे मागायचा, हे भांडण व्हायच्या आधी ठरलेलं असतं.

डिपॉझिटचंच घ्या. परवा मावसभावाचा फोन आला. ‘दादा, घर सोडतोय तर मालक डिपॉझिटमधून रंगकामाचे पैसे कापतोय. चालतं का असं?’ अकरा महिन्यांचा करार, एजंटानं घरी मशीन आणून अंगठे घेतलेले, सगळं रीतसर. मालक म्हणतो भिंती खराब केल्या, हा म्हणतो आधीच तशा होत्या. फोटो दोघांकडेही नाहीत, आणि असते तरी दाखवायचे कुणाला? एवढ्याशा रकमेसाठी कोर्टाची पायरी कोण चढणार, हे मालकालाही पक्कं ठाऊक असतं. म्हणून आपल्याकडचा मुरलेला भाडेकरू शेवटचे दोन महिने भाडंच देत नाही. ‘डिपॉझिटमधून वळतं करून घ्या,’ म्हणतो आणि मोकळा होतो.

इंग्लंडमध्ये २००७पासून नेहमीच्या भाडेकराराचं डिपॉझिट सरकारमान्य योजनेत सुरक्षित करावं लागतं, आताच्या नियमानं ३० दिवसांच्या आत. ते केलं नाही तर डिपॉझिटच्या एक ते तीन पट रक्कम भाडेकरूला द्यायचा हुकूम कोर्ट करू शकतं. बहुतेक घरांसाठी डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेताही येत नाही. वाद झाला आणि दोघं तयार असले तर योजनेतर्फेच कागद आणि फोटो पाहून फुकटात निवाडा होतो. तो करताना गृहीत एकच: पैसा भाडेकरूचा आहे, कापायचा तर कारण मालकानं सिद्ध करायचं. सगळी गंमत इथे आहे. म्हणून राहायला जाताना मालकाचा माणूस पानंच्या पानं यादी आणतो. गालिच्यावरचा डाग, ओव्हनचं ढिलं दार, भिंतीतला खिळा, प्रत्येकाचा फोटो. रोजच्या वापरानं जे झिजतं त्याचे पैसे कापता येत नाहीत. रंग तर फिका पडणारच.

मग महाराष्ट्राचा कायदा मागास का? मुळीच नाही. भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९चं कलम ५५ वाचा. करार लेखी आणि नोंदलेला हवा, अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य. कडकच आहे की! डिपॉझिट मात्र मालकाच्याच खिशात राहतं. केंद्राच्या २०२१च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतं ठेवलंय, तेही राज्यांनी तो स्वीकारला तर. आपल्याकडे वाद घालतात तो दोन महिने की सहा महिने यावर. माझ्या मते आकडा दुय्यम आहे, पैसा तिसऱ्याच्या हाती हवा. अंगठा ऑनलाइन घेता येतो, तर डिपॉझिट का नाही?

फौजदारीत तेच. १ जुलै २०२४ला नव्या संहिता लागू झाल्यावर आमच्या घरच्या ग्रुपवर आठवडाभर कलमांचे बदललेले आकडे फिरत होते. (चारसोबीस आता तीनशे अठरा. जिभेवर बसायला वेळ लागेल.) अटकेनंतर २४ तासांत न्यायाधीशापुढे उभं करणं आणि वकिलाचा सल्ला, हे हक्क राज्यघटनेच्या कलम २२मध्ये पहिल्यापासून आहेत. इंग्लंडमध्ये ठाण्यात आणलेल्या माणसाला तिथला सार्जंट हक्क तोंडी सांगतो, कागदही देतो: कुणाला तरी कळवायचा हक्क आणि फुकट वकील, उत्पन्न कितीही असो. भारतातही कोठडीतल्या माणसाला फुकट वकील मिळतो, १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं. पण हे सांगायचं काम ठाण्यात नेमकं कुणाचं, ते आमच्या ग्रुपवर कुणालाच सांगता आलं नाही.

घटस्फोट सोपा केला तर संसार टिकणार नाहीत, हाही आपला लाडका वाद. इथे एप्रिल २०२२पासून कुणाचा दोष सिद्ध करावा लागत नाही. तरी अर्जापासून पहिल्या आदेशासाठी २० आठवडे आणि नंतर आणखी सहा थांबावं लागतंच. खरं भांडण मुलांचं आणि घराचं असतं. नेमकी तिथेच सरकारी खर्चातली वकिली एप्रिल २०१३पासून इथे बरीचशी बंद झाली. घरगुती अत्याचाराचा पुरावा असेल तर गोष्ट वेगळी. वकील परवडत नाही ते स्वतःच फायली घेऊन न्यायाधीशापुढे उभे राहतात. या बाबतीत भारतीय कायदा कितीतरी उदार आहे. १९८७च्या त्याच कायद्याचं कलम १२ मी ग्रुपवर टाकलं, की बाईला फुकट वकील मिळतो आणि चौकशीला १५१०० हा नंबर आहे. लगेच वहिनीचा प्रश्न आला: ‘पण मला पगार आहे ना, मग?’ असू दे पगार. बाईला उत्पन्नाची अट नाही.