ऑफिसातले अपडेट बंद करण्याच्या सल्ल्याला उत्तर

ऑफिसातल्या कॉम्प्युटरांची देखभाल करणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फॉरवर्ड होत फिरतो. शब्द इकडचे तिकडे होतात, मजकूर तोच राहतो: ‘सगळ्या मशीनवरचे ऑटो-अपडेट बंद करा. चालू मशीनला हात लावू नये. अपडेटनेच मशीन बिघडतात, जुलै २०२४ मध्ये अख्ख्या जगाने पाहिलं. अँटिव्हायरस आणि फायरवॉल असेल तर पॅचची गरज नाही, आतल्या मशीनना तर नाहीच. नेट जाम होतं, कामाच्या वेळी रिस्टार्ट होतं. वर्षातून एकदा सुट्टी बघून सगळं एकदम टाका. सेंट्रल मॅनेजमेंट वगैरे मोठ्या कंपन्यांचे लाड आहेत.’ (पॅच म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक बुजवणारा अपडेट; सेंट्रल मॅनेजमेंट म्हणजे सगळ्या मशीनचा कारभार एका जागेवरून बघणं.)

हे लिहिणारा माणूस खोटं बोलत नाही, तो पोळलेला आहे. सोमवारी सकाळी अकाउंट्सचा प्रिंटर बंद पडतो तेव्हा फोन त्यालाच येतो. त्यामुळे त्याच्या बहुतेक तक्रारी मला मान्य आहेत. मान्य नाही तो त्याने काढलेला उपाय. अपडेट कुठल्या मशीनवर आधी जाणार, कधी जाणार आणि खरंच गेले की नाही, हे ठरवणं आणि बघणं त्याचं काम आहे. स्विच बंद केला की ते काम टळतं आणि धोका तेवढा साठत जातो.

आधी त्याचा सगळ्यात जोरदार पुरावा घेऊ. १९ जुलै २०२४ रोजी विमानतळांपासून रुग्णालयांपर्यंत विंडोज कोसळल्याचे निळे पडदे दिसले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं कोसळली. पण कशाने? विंडोज अपडेटचा त्यात काहीच हात नव्हता. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या फाल्कन सॉफ्टवेअरला धोके ओळखण्यासाठी लागणाऱ्या माहितीची एक फाइल पाठवली. ती वाचताना फाल्कनचा कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, चालणारा भाग आपटला आणि त्याच्यासोबत विंडोजही. फाइल यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेनुसार पहाटे ४:०९ ला सुटली आणि ५:२७ ला मागे घेतली गेली. एवढ्या ७८ मिनिटांत जे व्हायचं ते होऊन गेलं.

विंडोजचे अपडेट वर्षभर बंद ठेवणाऱ्यांकडेही फाल्कन असेल तर त्यांची यंत्रं पडलीच. फाल्कनची आवृत्ती मुद्दाम एक पायरी मागे ठेवायची सोय होती. ती वापरणारेही वाचले नाहीत, कारण ती सोय मूळ सॉफ्टवेअरपुरती होती. माहितीच्या फाइली तिला बगल देऊन सगळ्यांकडे एकदमच जात. चूक नेमकी इथे होती. पुढे कंपनीने या फाइलीही टप्प्याटप्प्याने सोडायला सुरुवात केली आणि त्या कधी घ्यायच्या यावर ग्राहकांना ताबा दिला. गंमत अशी की संदेशकर्ता ज्या प्रकारच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या भरवशावर पॅच बंद करायला सांगतो, ८५ लाख यंत्रं त्याच प्रकारच्या सॉफ्टवेअरने पाडली होती. एकाच संदेशातले दोन मुद्दे एकमेकांच्या तंगड्यात तंगडी घालतात.

त्या दिवसाची आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. बहुतेक यंत्रं उठवायची तर सेफ मोडमध्ये (कमीत कमी गोष्टी चालू ठेवून) जाऊन ती फाइल हाताने काढावी लागत होती, आणि डिस्क विंडोजच्या बिटलॉकर या सोयीने कुलूपबंद असेल तर आधी रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडणारा कोड, हवी होती. कुठल्या मशीनची की कुठे आहे याची नोंद ज्यांच्याकडे नीट होती, त्यांचं काम पुष्कळ हलकं झालं. केंद्रीय व्यवस्थापनाला ‘लाड’ म्हणणाऱ्यांनी याकडे जरूर बघावं.

आता ‘अपडेटनेच मशीन बिघडतात’. बिघडतात, हे खरं आहे. विंडोज १० चा ऑक्टोबर २०१८ चा मोठा अपडेट काही जणांच्या फाइली पुसून गेला. २ ऑक्टोबरला सुटलेला तो अपडेट मायक्रोसॉफ्टला काही दिवसांतच थांबवावा लागला आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा सोडावा लागला. २०२१ मध्ये प्रिंट स्पूलरमधलं (छपाईची कामं रांगेत लावणाऱ्या विंडोजच्या भागातलं) ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाचं भोक, म्हणजे हल्लेखोराला आत शिरू देणारी चूक, बुजवताना अनेक ऑफिसांतलं नेटवर्क प्रिंटिंग कोलमडलं. काही ठिकाणी तर साधा प्रिंट काढायलाही अॅडमिन पासवर्ड मागितला जाऊ लागला.

पण या दोन्ही उदाहरणांची जात वेगळी आहे, आणि संदेश त्यांची सरमिसळ करतो. पहिलं उदाहरण नव्या आवृत्तीचं, म्हणजे फीचर अपडेटचं. व्यवसायांसाठीच्या विंडोजमध्ये फीचर अपडेट धोरण लावून ३६५ दिवसांपर्यंत पुढे ढकलता येतो. मी तर नेहमीच ढकलतो, नवी आवृत्ती पहिल्या आठवड्यात घेण्याची हौस ऑफिसने का करावी? दुसरं उदाहरण मासिक सुरक्षा अपडेटचं. तोही ढकलता येतो, पण ३० दिवसांपर्यंतच, आणि ही मर्यादा वाजवी आहे. मासिक अपडेटला थोडी चाचणी हवी, वर्षभराची रजा नको.

चाचणी म्हणजे वेगळी प्रयोगशाळा लागत नाही. आहेत त्याच मशीनचे तीन गट करा. पहिल्या गटाला अपडेट लगेच, दुसऱ्याला दोन-चार दिवसांनी, उरलेल्यांना आठवड्याभराने. पहिला गट निवडताना मात्र बहुतेक जण घोळ घालतात, कारण ते आयटी विभागाचीच मशीन घेतात. आयटीवाल्यांची मशीन नवी, त्यांना अॅडमिन हक्क असलेले, आणि ते दिवसभरात दोन पानंही छापत नाहीत. त्यांच्याकडे सगळं सुरळीत चाललं म्हणून अकाउंट्समध्ये चालेल असं कशावरून? पहिल्या गटात प्रत्येक विभागातलं एक, प्रत्येक जुन्या मॉडेलचं एक, आणि शेअर केलेल्या प्रिंटरवर भरपूर छापणारं एक मशीन हवंच. असा गट असता तर प्रिंटिंगचा तो गोंधळ सगळ्या ऑफिसऐवजी चार-पाच टेबलांवर दिसला असता, आणि उरलेल्यांचा अपडेट तिथेच रोखता आला असता.

‘वर्षातून एकदा’ या भागाशी मात्र मला अजिबात जुळवून घेता येत नाही. पॅच बाहेर पडला की हल्लेखोर जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून काय बदललं ते बघतात, आणि जे बदललं तिथेच भोक होतं हे त्यांना कळतं. पॅच न लावलेलं मशीन त्या दिवसापासून आधीपेक्षा जास्त उघडं पडतं. २०१७ चा क्रम बघा. विंडोजच्या फाइल शेअरिंगमधलं भोक बुजवणारा पॅच १४ मार्चला आला. त्याच भोकातून शिरण्याचं तयार हत्यार १४ एप्रिलला इंटरनेटवर उघड झालं. १२ मेला वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस सुटला आणि १५० च्या आसपास देशांत पसरला. पॅच आणि हल्ला यांच्यात ५९ दिवस होते. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतल्या २३६ पैकी किमान ८१ ट्रस्टना, म्हणजे रुग्णालयं वगैरे चालवणाऱ्या संस्थांना, फटका बसला. तिथल्या लेखापरीक्षण कार्यालयाने नंतर नोंदवलं की लागण झालेली बहुतेक यंत्रं विंडोज ७ ची होती. विंडोज ७ ला तेव्हा पॅच मिळत होते, फक्त ते लावलेले नव्हते. वार्षिक सुट्टीची वाट बघणारं ऑफिस या ५९ दिवसांत कुठे बसतं?

शिवाय विंडोजचे मासिक अपडेट साठत जाणारे असतात. मधले अकरा महिने गाळले तरी बारावा अपडेट त्या अकरांतलेही बदल घेऊन येतो. मग प्रिंटर बंद पडला तर तो कशामुळे, हे शोधायला वर्षभराचा ढिगारा उपसा.

अँटिव्हायरसचा मुद्दा थोडक्यात. त्याचं ज्ञान त्याच्या स्वतःच्या रोजच्या अपडेटवर चालतं, म्हणजे ‘अपडेट नको’ म्हणणाऱ्यालाही हा एक अपडेट हवाच असतो. आणि भोकातून शिरून पासवर्ड उचलून साहेबाच्या नावाने लॉगिन झालेल्या माणसाला तो चोर म्हणून ओळखेलच याची खात्री नाही.

‘आतल्या मशीनना गरज नाही’ हे जास्त धोकादायक आहे. वॉनाक्राय कोणी क्लिक करण्याची वाट बघत नव्हता. एका मशीनमध्ये शिरला की जाळ्यातली शेजारची मशीन शोधायला लागायचा. त्याच वर्षीच्या २७ जूनला नॉटपेट्या हा असाच पसरणारा व्हायरस आला, तो तर एम.ई.डॉक या युक्रेनी हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधूनच. माझ्या मते संदेशकर्त्याच्या बाजूचा हा सगळ्यात भक्कम पुरावा होता, आणि त्याने तो वापरलेलाच नाही! विषारी अपडेट येऊ शकतो हे मान्यच करावं लागतं. पण आत आल्यावर नॉटपेट्या पसरला तो मार्चमध्येच पॅच आलेल्या भोकांतून आणि मशीनच्या मेमरीतून उचललेल्या पासवर्डांनी. त्यामुळे नुसता पॅच लावून भागलं नसतं हेही खरं. प्रत्येक मशीनचा लोकल अॅडमिन पासवर्ड वेगळा आणि विभागांची जाळी वेगवेगळी हवी होती. मर्स्क या जहाज कंपनीला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. त्यातली बरीच मशीन संदेशकर्त्याच्या भाषेत ‘आतली’च होती.

नेट जाम होण्याची तक्रार खरी आहे, पण तिच्यावरचा उपाय विंडोजमध्येच आहे. डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन नीट लावलं की एका मशीनने उतरवलेले तुकडे त्याच जाळ्यातली बाकीची मशीन तिच्याकडूनच घेतात. रिस्टार्टसाठी कामाचे तास ठरवून देता येतात, अगदी १८ तासांपर्यंत. त्यासोबत अंतिम मुदतही ठेवा, नाहीतर काही मंडळी ‘नंतर’ दाबत दाबत महिना काढतात. आणि ‘मी रोज संध्याकाळी मशीन बंद करतो’ यावर विश्वास ठेवू नका. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करताना कर्नलची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. टास्क मॅनेजरमधला अप टाइम बघा, रोज बंद होणारं मशीन तीन आठवडे अखंड चालू असल्याचं दिसेल. रिस्टार्टच करावा लागतो.

संदेशात एका गोष्टीचा उल्लेखच नाही, आणि माझ्या लेखी ती सगळ्यात मोठी आहे: विंडोज सोडून उरलेली अॅप्लिकेशन्स. फाइली दाबून एका गठ्ठ्यात (अर्काइव्हमध्ये) बांधणारं विनरार घ्या. त्याला स्वतःला अपडेट करून घ्यायची सोय नाही. एकदा टाकलं की तीच आवृत्ती मशीन भंगारात जाईपर्यंत. २०२३ मध्ये त्यात असं भोक सापडलं की अर्काइव्हमधलं साधं चित्र उघडायला जावं आणि पाठीमागे भलतीच स्क्रिप्ट चालावी. ऑगस्टमध्ये ६.२३ या आवृत्तीत ते बुजवलं गेलं, पण हल्लेखोर एप्रिलपासूनच ते वापरत होते. तुमच्या ऑफिसात विनरार किती मशीनवर आहे आणि कुठल्या आवृत्तीचं, हे आत्ता सांगता येईल का?

इथे एक खाच आहे. काही ब्राउझर आणि चॅटची अॅप्स अॅडमिन हक्काशिवाय त्या-त्या वापरकर्त्याच्या फोल्डरमध्येच बसतात. मशीनची यादी काढली तर त्यात ती दिसत नाहीत. नोकरी सोडून गेलेल्याच्या प्रोफाइलमध्ये दोन वर्षांपूर्वीचा ब्राउझर तसाच पडून असतो. यादी काढायची तर प्रत्येक प्रोफाइलसकट काढा.

यादी नसली की काय होतं हे इक्विफॅक्स या लोकांची पतमाहिती ठेवणाऱ्या अमेरिकी कंपनीने दाखवलं. अपाची स्ट्रट्स या वेबसाइटसाठीच्या सॉफ्टवेअरमधल्या भोकावरचा पॅच मार्च २०१७ च्या सुरुवातीला आला. कंपनीत अंतर्गत ईमेल गेला, ४८ तासांत लावा म्हणून. नंतर स्कॅनही झाला, पण ज्या सर्व्हरवर ते जुनं स्ट्रट्स होतं तो सापडलाच नाही. मेमध्ये हल्लेखोर तिथूनच आत आले आणि सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली. सूचना दिली होती, धोरण कागदावर होतं. पॅच लागला का, हे तपासून सांगणारं मात्र कोणी नव्हतं.

उरला ‘मोठ्यांचे लाड’. वीस मशीनच्या ऑफिसला महागडी यंत्रणा लागत नाही. विंडोजवर अॅप्स टाकणारं आणि अपडेट करणारं विंगेट आहे, त्याच्या एका आदेशात कुठली अॅप्स मागे आहेत ते दिसतं. उबंटू या लिनक्सवर त्याच कामासाठी अनअटेंडेड-अपग्रेड्स आहे, मॅकसाठी मुंकी आहे, आणि ही तिन्ही साधनं फुकट आहेत. अपडेट वाटणारा स्वतःचा सर्व्हर उभारायचा असेल तर दोनदा विचार करा. मायक्रोसॉफ्टने डब्ल्यूएसयूएसमध्ये, म्हणजे असा सर्व्हर चालवणाऱ्या आपल्याच सॉफ्टवेअरमध्ये, नवी भर घालणं थांबवल्याचं सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच डब्ल्यूएसयूएसमधल्या एका गंभीर भोकासाठी तातडीचा पॅच काढावा लागला. वाटणाऱ्यालाही अपडेट लागतो.

राहतं ते खरोखर अपडेट न होणारं मशीन. कुठल्याशा यंत्राचा ड्रायव्हर जुन्याच विंडोजवर चालतो, आणि बनवणारी कंपनी कधीच बंद झाली. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यापासून अशा मशीनची संख्या वाढतेच आहे. अशा एकट्या मशीनपुरता ‘हात लावू नये’ हा सल्ला मी स्वीकारतो, पण अटींवर: त्याला वेगळं जाळं, इंटरनेट नाही, ईमेल नाही, पेन ड्राइव्ह ठरलेलाच. मशीनवर चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर दोन गोष्टी: ही सूट कोणी दिली त्याचं नाव, आणि ती पुन्हा तपासायची तारीख.